क्रीक लोकांची पारंपरिक न्यायव्यवस्था : कुळाच्या ऋणापासून लिखित कायद्यापर्यंत

कायदा हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर राजा, न्यायाधीश, शिपाई, तुरुंग आणि छापील ग्रंथ यांचे चित्र उभे राहते. यांपैकी काहीही नसताना हजारो माणसांचा समाज पिढ्यान्‌पिढ्या नियमबद्ध जीवन जगू शकतो काय, असा प्रश्न केला तर पुष्कळांचे उत्तर नकारार्थी येईल. अमेरिकेच्या आग्नेय भागातील क्रीक या मूलनिवासी लोकांचा इतिहास या उत्तराचा पुनर्विचार करावयास लावतो. त्यांच्यात कायदा होता, तो लहानथोर सर्वांना ठाऊक होता आणि तो मोडणाऱ्यास त्याची किंमत मोजावी लागत असे. पुढे एकोणिसाव्या शतकात हा कायदा लिहिला गेला. लिहिला जाताना त्यातील काही जुने दोष दूर झाले आणि एक नवा, अधिक भयंकर दोष त्यात शिरला. कायद्याच्या दृष्टीने माणूस कोण आणि मालमत्ता कोण, हा प्रश्न त्या लेखनात ज्या रीतीने सोडविला गेला, त्याचे पडसाद दोनशे वर्षांनंतरही त्या राष्ट्राच्या न्यायालयात उमटले. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

लोक आणि त्यांची नगरे

'क्रीक' हे नाव या लोकांनी स्वतः घेतलेले नाही. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ओढा असा आहे. कॅरोलिनातून हरणांची कातडी खरेदी करण्यासाठी येणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांनी ओचीसी ओढ्याच्या, म्हणजे आजच्या ओकमल्गी नदीच्या, काठी राहणाऱ्यांना हे नाव दिले आणि पुढे ते सर्वांनाच चिकटले. हे लोक स्वतःस मस्कोगी म्हणवितात. आजच्या जॉर्जिया आणि अलाबामा राज्यांतून वाहणाऱ्या चॅटाहूची, फ्लिंट, कूसा आणि टॅलापूसा या नद्यांची खोरी ही त्यांची मूळ भूमी होय. कूसा व टॅलापूसा यांच्या काठची नगरे 'वरची' आणि चॅटाहूची व फ्लिंट यांच्या काठची नगरे 'खालची' म्हणून ओळखली जात.

राष्ट्र म्हणून ज्याचा उल्लेख केला जातो तो वस्तुतः अनेक स्वायत्त नगरांचा संघ होता. त्यात मस्कोगी भाषा बोलणारे होते, तसे हिचिटी, अलाबामा, युची या निराळ्या भाषा बोलणारेही होते. नगराला ते 'तल्वा' म्हणत. प्रत्येक तल्वाच्या मध्यभागी एक चौक असे. त्याच्या चारही बाजूंना चार मांडव आणि मधोमध नगराचा अग्नी. याच चौकात मानकरी, वृद्ध आणि योद्धे आपापल्या ठरलेल्या जागी बसून नगराच्या कारभाराचा विचार करीत. एका सदाहरित झुडपाच्या भाजलेल्या पानांचा काळा काढा प्रथम सर्वांनी घ्यावयाचा आणि मग बोलावयास आरंभ करावयाचा, अशी रीत होती.

नगरप्रमुखास 'मिक्को' म्हणत. त्याचा मान मोठा, परंतु त्याच्या हाती दंडशक्ती नव्हती. १७७० च्या दशकात या प्रदेशातून प्रवास केलेल्या विल्यम बार्ट्रम या निसर्गशास्त्रज्ञाने नोंदविले आहे की, मिक्कोचा शब्द लोक आदराने ऐकत. मात्र तो पाळावयास लावण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसे. त्याने समजवावे, इतरांनी विचार करावा आणि एकमत होईपर्यंत बोलणे चालू राहावे, अशी ही पद्धत होती.

नगरांचेही दोन वर्ग होते. पांढरी नगरे शांततेची आणि तांबडी नगरे युद्धाची मानली जात. अपालाचुक्ला हे पांढरे नगर असून तेथे मनुष्याचे रक्त सांडावयाचे नाही, असा संकेत असल्याचे बार्ट्रम सांगतो. त्याउलट कवेटा हे तांबडे नगर होते. रंगांच्या या वाटणीतून एक विचार व्यक्त होतो. समाजाला युद्धाची गरज भासली तरी युद्धाला त्याची स्वतंत्र जागा नेमून द्यावी आणि शांततेच्या जागेत त्याला प्रवेश देऊ नये, असा तो विचार होय.

कुळ हेच न्यायपीठ

मिक्कोपाशी दंडशक्ती नव्हती, तर ती कोणापाशी होती? ती कुळापाशी होती. क्रीक समाज वारा, अस्वल, पक्षी, बीव्हर, हरीण, मगर इत्यादी नावांच्या कुळांत विभागलेला होता. वरवर पाहता आपल्याकडील देवकांची आठवण व्हावी अशी ही नावे आहेत. मात्र एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. क्रीक कुळ हे आईकडून चालत येई. मूल आईच्या कुळाचे आणि बाप नेहमीच निराळ्या कुळाचा, कारण एकाच कुळात विवाह निषिद्ध होता. मुलाला वळण लावणे, त्याला शिक्षा करणे, त्याच्या वतीने बोलणे ही कामे बापाची नसून मामाची असत. घर स्त्रीचे असे आणि विवाह मोडला तर मुले आईच्याच कुळात राहत.

एकाच कुळाची माणसे निरनिराळ्या नगरांत विखुरलेली असत. त्यामुळे एखादा मनुष्य दूरच्या, अनोळखी नगरात गेला तरी तेथे त्याच्या कुळाचे घर त्याला सापडे आणि ते त्याचे रक्षण करी. नगराने माणसाला चौकातील जागा दिली. पण त्याच्या जिवाची हमी कुळाने दिली. पारंपरिक न्यायाचा हा पाया समजल्याशिवाय पुढील गोष्टींचा अर्थ लागणार नाही.

हत्येचे ऋण

एखाद्याची हत्या झाली की त्या मृत मनुष्याच्या कुळाचे एक घेणे उत्पन्न होई आणि मारणाऱ्याच्या कुळावर तितकेच देणे चढे. जिवाच्या बदल्यात जीव, हे या देण्याचे स्वरूप होते. ते वसूल करणे हा मृताच्या कुळाचा अधिकार होता, तसेच ते त्याचे कर्तव्यही होते. मारणारा पळून गेला तर त्याच्याऐवजी त्याच्या कुळातील दुसरा कोणी प्राणास मुके. हत्या जाणूनबुजून झाली की अपघाताने, हा प्रश्न निर्णायक नव्हता. जीव गेला, समतोल ढळला आणि तो पुन्हा साधला पाहिजे, एवढीच त्यामागील दृष्टी होती.

आधुनिक वाचकाला ही रीत रानटी सूडाची वाटेल. परंतु सूड आणि ही व्यवस्था यांत एक भेद आहे. सूडाला शेवट नसतो; एका खुनातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा खून जन्म घेतो. क्रीक लोकांत घेणे फिटले की प्रकरण संपले, असे दोन्ही कुळे मानीत. ज्या कुळाने आपला मनुष्य देण्यात गमावला, त्याला त्याबद्दल पुन्हा सूड घेण्याचा अधिकार नव्हता. यामुळेच अनेकदा मारणाऱ्याच्या कुळातील वडीलधारी माणसे स्वतःच त्याला पळू देत नसत. आपल्यातील निरपराध माणसावर संकट येऊ नये, ही त्यांची चिंता असे. या व्यवस्थेत एकाच्या अविचाराची किंमत सर्वांना मोजावी लागे, म्हणून प्रत्येकाला आवर घालण्याची काळजीही सर्वच घेत. शिपायावाचून शिस्त कशी राहिली, याचे उत्तर येथे सापडते.

तरीही तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. मारणाऱ्याच्या जागी त्याचा निरपराध बांधव मरू शकत होता, हा पहिला दोष. दुसरा दोष अधिक खोल आहे. ज्याला कुळ आहे त्याच्याच जिवाचे घेणे मागणारा कोणी असतो. ज्याला कुळ नाही, उदाहरणार्थ दत्तक न घेतलेला युद्धकैदी किंवा परका, त्याला कोणी मारले तर कोणाचे घेणे उत्पन्न होणार? त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी नसल्याने कायदाही त्याच्या बाजूने उभा राहत नसे. मात्र हे दार कायमचे बंद नव्हते. कुळाने दत्तक घेतले की परका मनुष्य पूर्णपणे आपला होई. तसेच क्रीक आईच्या पोटी जन्मलेले मूल, त्याचा बाप कोणत्याही देशाचा वा वर्णाचा असो, आईच्या कुळाचे पूर्ण सभासद मानले जाई. स्कॉटिश व्यापाऱ्याचे मूल जसे कुळात येई, तसेच आफ्रिकी बापाचे मूलही येई.

स्त्री आणि कायदा

मातृकुल पद्धतीमुळे स्त्रीला घरावर, मुलांवर आणि शेतातील पिकावर अधिकार मिळाला, हे खरे. परंतु तेवढ्यावरून तेथे स्त्री-पुरुष समता होती, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. व्यभिचाराच्या अपराधात दुखावलेल्या पतीच्या कुळाची माणसे एकत्र जमून अपराध्यांना काठ्यांनी मारीत व त्यांचे कान कापीत. पतीच्या मृत्यूनंतर विधवेला चार वर्षे वैधव्य पाळावे लागे. तिला त्या मुदतीपूर्वी मोकळे करण्याचा अधिकार तिच्या हाती नसून मृत पतीच्या कुळाच्या हाती होता. विधुर पुरुषावरील बंधन त्या मानाने पुष्कळच अल्प मुदतीचे होते. कुळाचे संरक्षण आणि कुळाचे बंधन ही एकाच दोरीची दोन टोके असतात, हे या नियमांतून दिसते.

पोस्किता : क्षमेचा वार्षिक कायदा

घेण्या-देण्याचा हा हिशेब वर्षानुवर्षे साचत गेला असता तर समाज त्याखाली चिरडून गेला असता. त्यावर क्रीक लोकांनी योजलेला उपाय म्हणजे 'पोस्किता' हा वार्षिक विधी होय. या शब्दाचा अर्थच मुळी उपवास असा आहे. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मक्याची कणसे भरत आली की हा विधी होई. लहान नगरांत चार दिवस व मोठ्या नगरांत आठ दिवस तो चाले. तो पूर्ण होईपर्यंत नवा मका खावयाचा नाही, असा दंडक होता.

विधीपूर्वी घरे झाडून-लोटून स्वच्छ केली जात, जुनी भांडीकुंडी व जीर्ण वस्तू टाकून दिल्या जात आणि नगरातील प्रत्येक चुलीतील विस्तव विझविला जाई. पुरुष उपवास करीत व वनस्पतींचे काढे घेऊन शरीरशुद्धी करीत. मग चौकात चार दिशांना टोके करून चार ओंडके मांडीत आणि लाकडावर लाकूड घासून नवा अग्नी उत्पन्न करीत. तोच अग्नी घरोघरी नेला जाई. त्या क्षणापासून वर्ष नवे होई.

न्यायाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, या वेळी हत्येखेरीज सर्व अपराध क्षमा होत. रानात लपून राहिलेला अपराधी चौकात परत येऊन आपल्या जागी बसू शके. व्यभिचाराची शिक्षा चुकवून जो मनुष्य पोस्कितापर्यंत निसटून राहिला, त्याला त्यानंतर कोणी हात लावू शकत नसे. मागील तंट्यांचा पुन्हा उल्लेख करणे अनुचित मानले जाई. ही क्षमा कोणा एका दयाळू प्रमुखाच्या मर्जीवर सोपविलेली नव्हती. ती पंचांगात बसविलेली होती. दरवर्षी येणारच होती. दंडाला मुदत घालून देणे हे या न्यायव्यवस्थेचे सर्वांत प्रगल्भ अंग म्हटले पाहिजे. हत्येचा अपवाद का, हेही समजण्यासारखे आहे. इतर अपराधांची झळ जिवंत माणसांना लागते आणि ती माणसे क्षमा करू शकतात. मृताच्या वतीने क्षमा करणे मात्र त्याच्या कुळाखेरीज कोणाच्याही हाती नव्हते.

परिषदेचा दंड आणि यादवी

अठराव्या शतकाच्या अखेरीस या व्यवस्थेवर बाहेरून दाब येऊ लागला. १७९६ मध्ये बेंजामिन हॉकिन्स यांची अमेरिकन सरकारचे प्रतिनिधी म्हणून क्रीक प्रदेशात नेमणूक झाली. १८१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तेथेच होते. सीमेवरील गोऱ्या वसाहतकऱ्यांची हत्या झाली तर दोषी व्यक्तीला शिक्षा करणारी एक मध्यवर्ती सत्ता सरकारला हवी होती. सर्व नगरांच्या राष्ट्रीय परिषदेने ते काम अंगावर घ्यावे आणि परिषदेने दिलेल्या मृत्युदंडाबद्दल मृताच्या कुळाने कोणाकडे घेणे मागू नये, असा हॉकिन्स यांचा आग्रह होता.

हा बदल वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्याने व्यवस्थेच्या मुळावरच घाव घातला. १८१३ च्या आरंभी ओहायो नदीच्या मुखाजवळ काही वसाहतकऱ्यांची हत्या झाली. हॉकिन्स यांच्या मागणीवरून परिषदेने लिटल वॉरियर नावाचा योद्धा व त्याचे साथीदार यांना ठार मारण्यासाठी विल्यम मॅकिन्टॉश यांच्या नेतृत्वाखाली माणसे पाठविली आणि ती शिक्षा अमलात आली. मृतांच्या बांधवांच्या दृष्टीने क्रीक माणसांनीच परक्यांच्या सांगण्यावरून क्रीक रक्त सांडले होते आणि वर त्याचे घेणे मागण्याचा मार्गही बंद केला होता. जमिनीची लूट, नव्या धर्मोपदेशकांची चळवळ अशी इतर कारणे आधीपासून साचत होतीच. या दंडांनी त्यांत ठिणगी टाकली. 'तांबड्या काठ्या' या नावाने ओळखला गेलेला पक्ष परिषदेविरुद्ध उठला. या यादवीत अमेरिकन सैन्य उतरले. २७ मार्च १८१४ रोजी टॅलापूसा नदीच्या वळणावर झालेल्या लढाईत ८०० हून अधिक क्रीक योद्धे मारले गेले. त्याच वर्षी ९ ऑगस्ट रोजी झालेल्या फोर्ट जॅक्सनच्या तहाने २ कोटी एकरांहून अधिक भूमी अमेरिकेने घेतली. त्यात सरकारच्या बाजूने लढलेल्या क्रीक लोकांचीही भूमी होती.

लिखित संहिता : एक पाऊल पुढे, एक पाऊल खोल गर्तेत

१८१८ मध्ये क्रीक परिषदेच्या नियमांचा एक लहान संच प्रथम लेखनिविष्ट झाला. त्यानंतर १८२५ च्या आरंभी चिली मॅकिन्टॉश यांनी ५६ नियमांची संहिता लिहून काढली. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या सशस्त्र तुकडीला 'कायदा सावरणारे' अशा अर्थाचे नाव होते.

संहितेचा पहिलाच नियम हत्येविषयी आहे. हत्येला देहान्त शिक्षा सांगून त्यात पुढे म्हटले आहे की, ज्याने कृत्य केले त्यालाच शिक्षा व्हावी आणि तीही चांगला पुरावा असेल तरच. कुळाच्या कायद्यातील पहिला दोष येथे एका वाक्यात दूर झाला. भावाच्या अपराधासाठी भावाने मरण्याची रीत संपली. बलात्काराविषयीचा नियम तर आजही विचार करावयास लावणारा आहे. अपराध्याला कोणती शिक्षा झाली म्हणजे आपले समाधान होईल, हे त्या स्त्रीने ठरवावे आणि ती म्हणेल तोच कायदा, असे त्यात सांगितले आहे. युद्धात पकडलेल्यांना गुलाम मानू नये वा त्यांचा व्यापार करू नये, त्यांना आपल्यासारखेच स्वतंत्र करावे, असाही एक नियम आहे.

हे सर्व वाचून मनात आदर उत्पन्न होतो, आणि त्याच संहितेतील दुसरा नियम वाचताच तो थिजून जातो. कृष्णवर्णीय मनुष्याने क्रीक मनुष्याची हत्या केली तर त्याला देहान्त शिक्षा. क्रीक मनुष्याने कृष्णवर्णीयाची हत्या केली तर त्याने मालकाला त्याची किंमत भरून द्यावी! हत्या तीच, मरण तेच. परंतु एका बाजूला जिवाचे मोल जीव आणि दुसऱ्या बाजूला जिवाचे मोल पैसे, तेही मृताच्या आप्तांना नव्हे, त्याच्या धन्याला. आणखी एका नियमाप्रमाणे क्रीक मनुष्याच्या ज्या अपत्याने कृष्णवर्णीयाशी विवाह केला असेल, त्याला आईबापांनी दिलेली मालमत्ता काढून घेऊन इतर अपत्यांत वाटून टाकावयाची होती. असा विवाह राष्ट्राला लज्जास्पद आहे, हे त्याचे कारण दिलेले आहे.

हे परिवर्तन कसे झाले? अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतीबरोबर आफ्रिकी गुलामांची मालकी हे संपत्तीचे प्रमुख रूप बनले होते. क्रीक समाजातील एक लहान वर्ग, ज्यात व्यापाऱ्यांचे वंशज व काही प्रमुख होते, या संपत्तीचा मालक झाला. लिखित कायदा करणाऱ्या परिषदेत याच वर्गाचे वजन होते. कुळाचा कायदा अरुंद होता, तरी त्याचे दार दत्तकविधीने आणि आईच्या नात्याने उघडत असे. लिखित कायद्याने ते दार वर्णाच्या आधारे बंद केले. मूल कोणाच्या पोटी जन्मले, या जुन्या प्रश्नाची जागा त्वचेचा रंग कोणता, या प्रश्नाने घेतली. जे राष्ट्र गोऱ्यांच्या वर्णाभिमानाने भरडले जात होते, त्यानेच तो अभिमान आपल्या दुसऱ्या नियमात लिहून ठेवला, ही इतिहासातील अत्यंत क्लेशकारक गोष्ट होय.

मॅकिन्टॉश यांचा दंड

राष्ट्रीय परिषदेच्या संमतीवाचून भूमी देणाऱ्यास देहान्त शिक्षा, असा नियम परिषदेने केला होता. भूमी कोणा एकाची नाही, सर्वांची आहे, हा जुना विचारच येथे नव्या रूपात आला. १२ फेब्रुवारी १८२५ रोजी इंडियन स्प्रिंग्ज येथे विल्यम मॅकिन्टॉश व त्यांच्या अनुयायांनी जॉर्जियातील उरलेली भूमी देणाऱ्या तहावर सह्या केल्या. बहुसंख्य नगरांचा त्याला विरोध होता. परिषदेने मॅकिन्टॉश यांना देहान्त शिक्षा फर्माविली. ३० एप्रिल १८२५ रोजी मेनावा या जुन्या योद्ध्याच्या नेतृत्वाखाली कायदा सावरणाऱ्यांनी चॅटाहूची नदीकाठच्या त्यांच्या घराला वेढा घालून ते पेटविले आणि त्यांना ठार केले. १८१३ मध्ये ज्यांनी परिषदेचा दंड इतरांवर अमलात आणला होता, त्यांच्यावरच बारा वर्षांनी परिषदेचा दंड पडला. मेनावा हा १८१४ च्या लढाईत 'तांबड्या काठ्यां'च्या बाजूने लढून जबर जखमी झालेला योद्धा होता. जुन्या बंडखोरानेच आता परिषदेचा कायदा हाती घेतला होता.

ओपोथलेयाहोला यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेले आणि २४ जानेवारी १८२६ च्या नव्या तहाने आधीचा तह रद्द झाला. हा विजय टिकला नाही. जॉर्जियातील भूमी अखेर गेलीच, आणि १८३६ मध्ये सैन्याच्या पहाऱ्यात हजारो क्रीक लोकांना मिसिसिपी नदीपलीकडे, आजच्या ओक्लाहोमात, हाकलण्यात आले. लोचापोका नगराच्या लोकांनी आपल्या चौकातील अग्नीची राख जपून नेली आणि नव्या भूमीत एका ओक वृक्षाखाली तिच्यावर पुन्हा अग्नी चेतविला, असे परंपरा सांगते. त्या जागेभोवतीच आजचे टल्सा शहर वाढले. घर, शेत, पूर्वजांची भूमी गेली. न्यायाचा चौक मात्र त्यांनी राखेच्या रूपाने सोबत नेला.

तुरुंगावाचून न्याय, आणि त्याचा अंत

अमेरिकन यादवी युद्धानंतर १४ जून १८६६ रोजी झालेल्या तहाने क्रीक राष्ट्रातील गुलामगिरी संपली. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना व त्यांच्या वंशजांना राष्ट्राचे सर्व नागरी हक्क द्यावयाचे, हे त्यात मान्य झाले. १८६७ च्या राज्यघटनेने विधिमंडळाची दोन सभागृहे निर्माण केली. 'राजांचे सभागृह' आणि 'योद्ध्यांचे सभागृह' ही त्यांची नावे. त्यांत प्रतिनिधित्व जुन्या तल्वांनुसार होते आणि मुक्त कृष्णवर्णीयांच्या तीन नगरांचे प्रतिनिधीही बसत. राष्ट्राचे सहा जिल्हे पाडण्यात आले. प्रत्येक जिल्ह्याला एक न्यायाधीश आणि 'लाइटहॉर्स' म्हणून ओळखले जाणारे घोडेस्वार पथक, ज्यात एक कप्तान व चार शिपाई असत.

या राष्ट्रात तुरुंग नव्हते. पहिल्या चोरीला ५० फटके, दुसऱ्या चोरीला १०० फटके आणि तिसऱ्या चोरीला देहान्त अशी कठोर शिक्षापद्धती होती. देहान्त शिक्षा झालेल्या मनुष्याला दिवस ठरवून घरी जाऊ देत आणि तो आपल्या शब्दाखातर ठरल्या दिवशी परत येई, असे वृत्तांत त्या काळापासून सांगितले जातात. शिक्षेच्या क्रौर्याचे समर्थन करता येणार नाही. परंतु ज्या समाजात साखळीपेक्षा दिलेला शब्द बळकट होता, त्याच्यात कायद्याची मुळे किती खोल गेली असतील, याची कल्पना यावरून करता येते. पळून जाणे म्हणजे आपल्या माणसांना तोंड दाखविण्याचा हक्क गमावणे, हा कुळाच्या काळातील संस्कार कुळाची दंडशक्ती गेल्यावरही शिल्लक राहिला होता.

२८ जून १८९८ च्या कर्टिस कायद्याने अमेरिकन काँग्रेसने ही न्यायालये बंद केली. सामाईक भूमीचे वैयक्तिक तुकडे पाडण्यात आले. त्यासाठी केलेल्या नोंदवहीत 'रक्ताने क्रीक' आणि 'मुक्त गुलाम' अशा दोन निराळ्या याद्या करण्यात आल्या. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य अस्तित्वात आले.

पुनरुत्थान आणि जुना प्रश्न

राष्ट्र मात्र संपले नव्हते. १९७९ मध्ये क्रीक लोकांनी नवी राज्यघटना स्वीकारली. १९८८ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने स्वतःची न्यायालये स्थापन करण्याचा त्यांचा अधिकार मान्य केला. ९ जुलै २०२० रोजी मॅकगर्ट विरुद्ध ओक्लाहोमा या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला की, १८६६ च्या तहातील सीमांप्रमाणे क्रीक राखीव प्रदेश कायद्याने कधीच नष्ट झालेला नाही. टल्सा शहराचा बहुतांश भाग त्या सीमांत येतो. परिणामी तेथे मूलनिवासी आरोपींवरील गंभीर गुन्ह्यांचे खटले राज्याच्या न्यायालयांच्या कक्षेबाहेर गेले. दिलेले वचन काळ लोटला म्हणून आपोआप रद्द होत नाही, हे या निर्णयाचे सार होय.

परंतु वचन पाळण्याची अपेक्षा करणाऱ्याने आपलेही वचन पाळले पाहिजे. १९७९ च्या राज्यघटनेने नागरिकत्व 'रक्ताने क्रीक' या यादीतील व्यक्तींच्या वंशजांपुरते मर्यादित केले होते. मुक्त गुलामांच्या यादीतील लोकांचे वंशज त्यामुळे एका फटक्यात राष्ट्राबाहेर गेले. ज्यांचे पूर्वज त्याच खडतर वाटेने चालत ओक्लाहोमाला आले आणि ज्यांचे प्रतिनिधी विधिमंडळात बसले, त्यांना आता परके ठरविण्यात आले. यांपैकी दोघांनी क्रीक राष्ट्राच्याच न्यायालयात दाद मागितली. २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि २३ जुलै २०२५ रोजी राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. १८६६ चा तह बंधनकारक आहे आणि 'रक्ता'ची अट त्याच्याविरुद्ध टिकू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

उपसंहार

वाचकांच्या लक्षात आले असेलच की, १८२५ चा दुसरा नियम आणि २०२५ चा हा निर्णय यांच्यामध्ये बरोबर दोनशे वर्षांचे अंतर आहे. कुळाच्या कायद्याने परक्याला वगळले, पण त्याला आपलेसे करून घेण्याचा मार्गही ठेवला. लिखित कायद्याने निरपराधाला वाचविले, पण एका वर्णाच्या माणसाला मालमत्तेच्या वहीत नोंदविले. यावरून परंपरा तेवढी चांगली आणि लेखन तेवढे वाईट, किंवा याच्या उलट, असा सरसकट निष्कर्ष काढता येणार नाही. कायदा लिहिलेला आहे की स्मरणात आहे, याहून तो लिहिताना वा स्मरताना कोणाला माणसांत धरले गेले, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

पोस्किताचा विधी ओक्लाहोमातील अनेक चौकांत आजही होतो. जुनी राख काढून टाकून नवा अग्नी पेटविला जातो आणि मागील वर्षाचे वैर तेथेच संपते. हत्येखेरीज सर्व अपराधांना क्षमा करणाऱ्या त्या प्राचीन नियमाने एक गोष्ट मात्र कधीच क्षम्य मानली नव्हती. माणसाचा जीव गेला, तर त्याचे घेणे मागणारा कोणी तरी असलाच पाहिजे. ज्यांच्या जिवाचे घेणे दीर्घकाळ कोणीही मागितले नाही, त्यांच्या वंशजांनी ते स्वतःच मागितले आणि त्यांच्या राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले.